सेव्हिलची जत्रा नेमकी कोणाची?

स्पेनच्या दक्षिणेकडील सेव्हिल शहरात वसंत ऋतूत भरणारी ‘एप्रिलची जत्रा’ पाहायला जाणाऱ्या पाहुण्याला वेशीवर कोणी अडवत नाही. दरवर्षी नव्या रचनेची भव्य कमान, दिव्यांची रोषणाई, घोडागाड्या, झालरींचे रंगीत पोशाख हे सारे विनामूल्य पाहता येते. अडचण त्यापुढे आहे. खाणेपिणे, गाणे आणि ‘सेव्हियानास’ नृत्य हा जत्रेचा प्राण. ते चालते रस्त्यालगतच्या कापडी मांडवांत. अशा हजाराहून अधिक मांडवांपैकी बहुतेक खासगी असून त्यांचे परवाने कुटुंबे, मित्रमंडळे व संस्थांकडे आहेत. ओळखीशिवाय तेथे प्रवेश नाही. महापालिकेचे, प्रभागांचे व काही संघटनांचे मोजके मांडवच सर्वांना खुले असतात.

गंमत अशी की, ही जत्रा सुरू करण्याचा प्रस्ताव १८४६ मध्ये मांडणारे दोघेही नगरसेवक बाहेरून आलेले होते. होसे मारिया इबार्रा बास्क प्रांतातील, तर नार्सिसो बोनाप्लाता कातालोनियातील. १८४७ मध्ये भरला तो गुरांचा बाजार. पुढे व्यापार मागे पडला, मेजवानी उरली. १९७३ मध्ये जागा अपुरी पडल्याने जत्रा लोस रेमेदियोस भागात हलली, तरी मांडवांची मागणी पुरी झाली नाही. परवाना जुन्या धारकांकडेच वर्षानुवर्षे नूतनीकृत होत राहतो आणि नव्या अर्जदाराला अनेक दशके ताटकळावे लागते. म्हणजे बंद दाराबाहेर केवळ पर्यटक नाही, सेव्हिलचा सामान्य रहिवासीही आहे.

हाच पेच जत्रेच्या दिवसांवरून उघड झाला. २०१६ मध्ये महापालिकेने नागरिकांचा कौल घेतला आणि २०१७ पासून जत्रा शनिवारी रात्री सुरू होऊन लांबली. हॉटेल व्यवसायाला जादा सुट्टीचे दिवस मिळाले. मांडव चालवणाऱ्यांचा खर्च आणि थकवा मात्र वाढला. २०२४ मध्ये नव्या प्रशासनाने मांडवधारकांचे मत विचारले. २०२५ पासून जुने, आटोपशीर वेळापत्रक परतले. दोन्ही वेळी लोकांना विचारले गेले. ‘लोक’ कोण, याचे उत्तर तेवढे बदलले.

गोव्यातही शिगमोत्सवाच्या चित्ररथ मिरवणुका निरनिराळ्या शहरांत पर्यटन खात्याच्या वेळापत्रकानुसार निघतात, तर गावच्या मांडावरचा शिगमो आपल्या परंपरेच्या तिथीने चालतो. त्यामुळे सेव्हिलचा अनुभव येथे परका वाटू नये. तेथील मांडवधारक स्वतःच्या खिशातून खर्च करतात, म्हणून त्या उत्सवाचे निव्वळ पर्यटकी प्रदर्शन झालेले नाही. परंतु तोच हक्क पिढीजात मक्तेदारी ठरू लागला, तर शहरातील निम्मी तरुणाई स्वतःच्याच जत्रेत पाहुणी होईल. पाहुण्यांसाठी दिवस वाढवावेत की नाही, हा प्रश्न सेव्हिलने तूर्त सोडवला आहे. परवान्यांची प्रतीक्षायादी पुढे कशी सरकवायची, हा त्याहून अवघड प्रश्न अजून शिल्लक आहे.