टाकी की थेंब?

मंडळी, लंडनच्या आमच्या भाच्याने सिगारेट सुटावी म्हणून व्हेप घेतला आहे. (आपल्याकडे २०१९च्या कायद्याने त्याच्या विक्रीवर बंदी आहे, ते बरेच!) आता त्याला टाकीऐवजी ड्रिपर हवा आहे. म्हणतो, चव खुलते. खुलत असेलही. पण ड्रिपरला टाकीच नसते. तारेच्या वेटोळ्यातल्या कापसावर दर चार-दोन झुरक्यांनी थेंब टाकत बसायचे. कापूस सुकला की जळका धूर घशात! आणि हिशेब कसा राहणार? ब्रिटनमध्ये २ मिलिलिटरपेक्षा मोठी टाकी विकता येत नाही. दिवसातून किती वेळा भरली एवढे मोजले, की निकोटीन किती गेले ते कळते. भाच्याने टाकीच ठेवावी. चवीचे लाड सिगारेट सुटल्यावर... छे, तेव्हा तर व्हेपही सोडायचा आहे, भाचेबुवा!