ड्रोनलाही लाल झेंडा दिसला पाहिजे

खारघरच्या पुढे ओवे गावाकडे सिडकोचे रुंद रस्ते आहेत. रविवारी सकाळी सहाला ते बऱ्यापैकी रिकामे असतात, आणि रिकामा रस्ता दिसला की आपल्याकडे आधी सुपरबाईक येते, पाठोपाठ तिच्या डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. रात्री त्याचं रीळ येतं. खाली लिहिलेलं असतं, "ट्रॅक डे".

मंडळी, कुठला ट्रॅक? त्याच रस्त्यावर दूधवाला असतो, मॉर्निंग वॉकवाले आजी-आजोबा असतात आणि चार भटकी कुत्री असतात!

आधीच सांगतो, माझा बाईकवर राग नाही आणि ड्रोनवर तर अजिबातच नाही. आपण कोपऱ्यात कुठून शिरलो, ब्रेक कुठे लावला, बाहेर पडताना किती रस्ता वाया घालवला, हे वरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात कधीच दिसत नाही. शिकणाऱ्यासाठी ते सोनं आहे. माझा मुद्दा एवढाच की ड्रोनला आपण कॅमेरा समजतो तिथेच गडबड होते. तो ट्रॅकवर उतरलेला आणखी एक रायडर आहे. बाकीच्यांना जे नियम ते त्यालाही, आणि जिथे मार्शल नाही तिथे तो नकोच.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "अरे, एवढासा तर आहे!" ठीक आहे, आठवीचं फिजिक्स काढू. बाईक ताशी १२० किमी, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. समोर हवेत ९०० ग्रॅमचा ड्रोन स्थिर उभा आहे. धडकेची ऊर्जा येते सुमारे ५०० जूल. ताशी १४० किमीने आलेला क्रिकेटचा चेंडू सुमारे १२० जूलचा असतो. म्हणजे फास्ट बोलरचे चार चेंडू एकदम, आणि तेही बाईक कोपऱ्यात झुकलेली असताना. २५० ग्रॅमच्या आतला 'नॅनो' ड्रोन घेतला तरी १३५-१४० जूल होतातच. लायसन्स लागत नाही म्हणून लागतही नाही, असं थोडंच आहे?

दुसरं उत्तर, "फॉलो मोड आहे, तो आपोआप मागे येतो." साधे कॅमेरा ड्रोन ताशी ६० ते ७५ किमीच्या आसपास दमतात. शंभरच्या वर गेलेल्या बाईकला गाठायचं तर त्याला कोपरे कापावे लागतात, आणि कोपरा कापणं म्हणजे रायडरांच्या डोक्यावरून आडवं जाणं. वर स्पोर्ट मोड लावला की बऱ्याच मॉडेलमध्ये अडथळे ओळखणारे सेन्सर बंद होतात. सेफ्टी चेक कमेंट करून थेट प्रॉडक्शनला कोड टाकण्यातलाच हा प्रकार. :)

त्यातून तो मध्येच बंद पडला तर? तीस मीटरवरून खाली यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात १२० च्या स्पीडची बाईक ८० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ज्याचं शूटिंग चाललंय तो बहुतेक सुटतो, सापडतो मागून येणारा. त्याला तर कुणी विचारलेलंही नसतं.

"रेड बुलने केलंच की!" हे तिसरं उत्तर. केलं ना. २०२४ मध्ये सिल्व्हरस्टोनला ताशी ३५० किमीच्या वर जाणारा खास ड्रोन वेरस्टॅपेनच्या कारमागे उडवला. पण ट्रॅक बंद होता, कार एकच होती आणि ड्रोन त्याच कामासाठी बांधलेला होता. याच्या उलट उदाहरण बघा. २२ डिसेंबर २०१५ ला इटलीत मॅडोना दी कँपिलियोच्या शर्यतीत स्कीइंग करणाऱ्या मार्सेल हिर्शरच्या अगदी मागे टीव्हीचा ड्रोन कोसळला. तोही प्रोफेशनल पायलटचाच होता. थोडक्यात वाचला बिचारा. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने शर्यतींत ड्रोनला बंदी घातली.

मग करायचं काय? खऱ्या सर्किटवर फार अवघड नाही. ड्रोन ट्रॅकच्या वर कधीच न्यायचा नाही. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, मोकळ्या जमिनीवर, ठरलेल्या जागी उभा करायचा आणि फक्त कॅमेरा वळवायचा. पडला तर गवतात पडेल. टेक-ऑफ त्याच बाजूने करायचं, कारण सिग्नल तुटला की ड्रोन सरळ रेषेत घरी निघतो, आणि घर ट्रॅकपलीकडे असेल तर तो ट्रॅक ओलांडूनच जाणार. पायलटच्या शेजारी एक माणूस, त्याच्या हातात मार्शलचा वॉकीटॉकी. लाल झेंडा दिसला की रायडर थांबतात तसा ड्रोनही खाली. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्या रायडरांना आधी सांगायचं, कारण जिकडे नजर तिकडे बाईक, आणि डोक्यावर अचानक काही घोंघावलं की नजर जातेच.

ओव्याच्या रस्त्यावर यातलं काय शक्य आहे? काहीच नाही. तिथे ना मार्शल, ना झेंडा, ना उभी ॲम्ब्युलन्स. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हाच आहे. आणि आता वरचं आकाशही मोकळं नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत जमिनीपासूनच परवानगी हवी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली आहेत आणि ओवे तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा बॅटरी चार्ज करण्याआधी सरकारी झोनचा नकाशा उघडून बघा.

"मग आम्ही चालवायचं कुठे?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पूर्ण लांबीचं सर्किट हवं तर चेन्नई, कोइमतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठा. सिडकोने नवी मुंबईत गोल्फ कोर्स बांधला. बाईकवाल्या पोरांसाठी एक छोटा बंदिस्त ट्रॅक मागायला काय हरकत आहे? पाचशे रायडरांनी सहीनिशी एक अर्ज तरी द्यावा. सध्या जेवढी मेहनत एडिटिंगला जाते तेवढीच लागेल.

तोपर्यंत चार जण मिळून वर्षातून एकदा चेन्नईचा ट्रॅक डे करा, आयोजकांना विचारून ड्रोन लावा आणि खुशाल रीळ टाका. पहिला लाईक माझा. पण ओव्याच्या रस्त्यावरच्या रीळाला 'ट्रॅक डे' म्हणालात, तर खाली माझी कमेंट येणार, आणि ती लांबलचक असेल.