उपाययोजनेच्या परिच्छेदापलीकडे

जागतिक प्रश्नांवरील पाठ देशभरच्या शाळा-महाविद्यालयांतून बहुधा एकाच साच्यात शिकविला जातो. आधी संकटाचे आकडे, मग कारणांची यादी, आणि अखेरीस 'उपाय' या मथळ्याखाली एक परिच्छेद : झाडे लावावीत, पाणी जपून वापरावे, जनजागृती करावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर अनिवार्य करण्याचा निर्देश दिल्यापासून या पाठाची व्याप्ती वाढली. साचा मात्र फारसा बदलला नाही. चित्रकलेच्या स्पर्धांत मुले तडे गेलेली, घामाघूम झालेली पृथ्वी काढतात आणि बक्षिसे मिळवितात. परंतु वितळणारी हिमनदी आणि घरातला नळ बंद करणे यांच्यामधील प्रचंड अंतर कोणी, कसे कापावयाचे, याचा त्या परिच्छेदात उल्लेख नसतो. विद्यार्थ्याला ते जाणवते. तो उत्तर पाठ करतो, गुण मिळवितो, आणि त्यावर विश्वास ठेवीत नाही.

यावर आशादायी अध्यापनाचा मार्ग सुचविला की काही शिक्षक बिचकतात, आणि त्यांचे बिचकणे अगदीच निराधार नव्हे. आशा म्हणजे गोड बोलून दिलेला धीर असेल, तर ती वर्गात न आलेलीच बरी. तथापि आशेला इतिहासाचा आधार देता येतो, आणि भारतीय शिक्षकाला तो शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

देवीचा रोग एके काळी इतका अटळ वाटे की मराठीने त्याला नावच देवतेचे दिले. १९७४ साली भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. बिहारमधील साथ विशेष भीषण होती. पुढच्याच वर्षी, मे १९७५ नंतर, देशात एकही रुग्ण आढळला नाही. हे कसे घडले, हा खरा पाठ आहे. सरसकट लसीकरणावरचा भर कमी करून रुग्ण शोधणे आणि त्याच्याभोवतालच्या सर्वांना लस टोचणे, ही पद्धत स्वीकारली गेली. कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन घरोघर, बाजारांतून विचारपूस करीत. खबर देणाऱ्यास रोख बक्षीस असे. रुग्णाच्या दारावर पहारा बसे. निर्मूलनाचा प्रस्ताव सोव्हिएत संघाने १९५८ मध्ये मांडला होता, आणि शीतयुद्ध चालू असतानाही अमेरिका त्या कार्यात सहभागी झाली. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. हेही सांगावयास हवे की शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी लस बळजबरीने टोचली गेली. तो भाग गाळला, तर इतिहासाची आरती होते.

ओझोनच्या थराची कथा अशीच सांगता येते. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दिलेला इशारा, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर आढळलेली घट, १९८७ चा माँट्रिऑल करार. गरीब राष्ट्रांना पर्यायी तंत्रासाठी निधी मिळावा, अशी भारताची भूमिका होती. तशी तरतूद १९९० मध्ये झाल्यावर १९९२ साली भारत करारात सामील झाला. हा तपशील मुलांना सांगितल्यास न्यायाचा प्रश्न बाजूला सारून सहकार्य टिकत नाही, हे उपदेशावाचून कळते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील : मग तापमानवाढीचे काय? उत्तर प्रामाणिक हवे. ओझोनला घातक रसायने मोजक्या कारखान्यांत तयार होत आणि त्यांना पर्याय सापडले. कोळसा आणि तेल यांत मात्र सगळे अर्थजीवन गुंतले आहे. साम्य कोठे संपते, हे दाखविणे हा आशादायी अध्यापनाचाच भाग होय. किंबहुना तोच त्याचा कस आहे. ओझोनचा थर अंटार्क्टिकावर पूर्ववत होण्यास २०६६ च्या सुमारापर्यंत अवधी लागेल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे; करारावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते पाहावयास मिळणार नाही.

हे सारे अभ्यासक्रमात बसविण्यासाठी नवा विषय नको. 'उपाय लिहा' या प्रश्नाऐवजी 'रुग्ण लपविणाऱ्या कुटुंबाशी तपासनिसाने कसे बोलावे?' असे विचारले, तरी पुष्कळ साधेल. अशा उत्तरपत्रिका तपासण्यास वेळ अधिक लागेल, ही परीक्षकांची तक्रार मात्र रास्त आहे.