तेरा हजार वर्षांचे कुंपण

अमेरिकेचा शोध कोणी लावला, असे घरातल्या कोणत्याही मुलाला विचारा. तोंडातली करंजी संपण्यापूर्वीच ते 'कोलंबस' म्हणून मोकळे होईल. ज्या घरात माणसे नांदत होती, चुली पेटत होत्या, त्या घराचा १४९२ साली 'शोध' लागला म्हणणे म्हणजे वाट चुकून शेजाऱ्याच्या ओसरीवर चढावे आणि ओसरी आपणच शोधली म्हणून डांगोरा पिटावा, तसेच आहे. पण माझी तक्रार कोलंबसाबद्दल नाही. कोलंबसाला हसणाऱ्या पंडितांबद्दल आहे. त्या खंडात पहिला माणूस केव्हा आला, या प्रश्नाभोवती त्यांनी तेरा हजार वर्षांचे कुंपण घातले आणि कुंपणापलीकडे काही नाही असे बजावत जवळजवळ तीन तपे पहारा केला.

मौज अशी, की ज्या विद्येच्या बळावर हे कुंपण उभे राहिले ती विद्या स्वतः एक कुंपण मोडूनच पुढे आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या आलेश हर्डलिच्का यांचा दरारा मोठा. अमेरिकेतला माणूस हिमयुगाइतका जुना आहे, असा पुरावा कोणी आणला की ते तो मोडून काढीत. त्यातले पुष्कळ पुरावे खरोखरच कच्चे होते, हेही सांगितले पाहिजे. पण १९०८ साली न्यू मेक्सिकोत फॉल्सम गावाजवळ पूर आला, ओढ्याचा काठ कापला गेला आणि जॉर्ज मॅकजंकिन नावाच्या गुराख्याला खोल मातीतली हाडे दिसली. हा गृहस्थ गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय; लिहायला-वाचायला पुढे हिकमतीने शिकलेला. एवढी मोठी हाडे, आणि एवढ्या खोल! ही आजच्या रानगव्याची नव्हेत, हे त्याने ओळखले. १९२२ साली तो वारला. पंडितांची कुदळ त्या जागी पडली ती १९२६ साली! पुढच्या वर्षी, नामशेष झालेल्या रानगव्याच्या बरगड्यांमध्ये दगडी भाल्याचे टोक सापडले. खणणाऱ्यांनी ते जागचे हलवले नाही. तारा धाडून जाणकारांना बोलावले. त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मान तुकवली.

त्यानंतर पाच-सहा वर्षांतच त्याच राज्यात क्लोव्हिस गावाजवळ मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या अजस्र हत्तीच्या, हाडांबरोबर आणखी जुनी टोके मिळाली. त्यांचा काळ आता सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा ठरला आहे. १९६४ साली व्हान्स हेन्स यांनी मांडणी केली, की कॅनडातल्या दोन हिमथरांमध्ये वाट मोकळी झाली आणि त्या वाटेने हे शिकारी खाली उतरले. मांडणी सुरेख होती, हाती असलेल्या पुराव्याला धरून होती. माझे भांडण तिच्याशी नाही. तिचा सोवळ्यातला देव झाला, त्याच्याशी आहे.

देव झाल्यावर व्हायचे तेच झाले. क्लोव्हिसचा थर लागला की कुदळी खाली ठेवायच्या, असा प्रघातच अनेक ठिकाणी पडला. दक्षिण कॅरोलायनातल्या टॉपर या स्थळी अल्बर्ट गुडइयर त्या थराखाली उतरले ते १९९८ साली. खाली जे सापडले त्यावर वाद आहे. वाद असू दे. पण वाद घालायला तरी आधी खाली उतरायला हवे ना? विहीर खणायची नाही आणि गावात पाणी नाही म्हणून दवंडी पिटायची, हा कुठला न्याय?

कॅनडाच्या युकॉन भागात ब्लूफिश नावाच्या गुहा आहेत. झाक सँक-मार्स यांनी १९७७ पासून दहा वर्षे तिथे खणले आणि हाडांवर दगडी हत्याराच्या खुणा आहेत, काळ चोवीस हजार वर्षांच्या आसपासचा आहे, असे सांगितले. लोकांनी ते हसण्यावारी नेले. कामाला मिळणारा पैसा आटला. २०१७ साली तीच हाडे नव्याने तपासली गेली, तेव्हा घोड्याच्या जबड्यावरच्या खुणा माणसाच्याच आणि काळही तोच, असा निष्कर्ष निघाला. २०२१ साली सँक-मार्स गेले. बाबावाक्यं प्रमाणम् म्हणून आपण जुन्या शास्त्र्यांना हिणवतो; प्रयोगशाळेतही बाबा असतात.

कुंपणाला मोठे खिंडार पडले ते चिलीच्या दक्षिणेला, मोंते व्हेर्दे येथे. टॉम डिलेहे यांना तिथे दलदलीखाली लाकडी खुंट, गाठी मारलेले दोर, कातड्याचे तुकडे, रानबटाटे मिळाले. वय सांगितले गेले साडेचौदा हजार. उत्तरेच्या हिमवाटेपासून हजारो कोस दूर, आणि क्लोव्हिसच्याही आधी! वीस वर्षे वाद चालला. अखेर १९९७ च्या जानेवारीत तज्ज्ञांची तुकडी जागेवर गेली, तीत हेन्सही होते. तिने ते वय मान्य केले. हेन्स पुढे पुन्हा साशंक झाले. होऊ देत. तपासणी पुन्हा पुन्हा व्हावी, पण सर्वांची सारखी व्हावी, एवढेच माझे मागणे आहे. एवढ्या मोठ्या खंडभर पसरलेल्या क्लोव्हिसच्या हत्यारांबरोबर आजवर माणसाचे अवशेष सापडले ते एकट्याचे, मोंटानातल्या एका बाळाचे. म्हणून क्लोव्हिसची माणसे नव्हतीच असे कोणी म्हणत नाही! मग त्याहून जुन्या, त्याहून विरळ टोळ्यांनी मागे थोडे ठेवले तर त्यांना खोटे का ठरवायचे? त्यातून त्या किनाऱ्याने आल्या असतील तर तो किनारा हिमयुग संपताना वाढलेल्या समुद्राखाली कधीच गेला आहे.

आक्षेप कसा घ्यावा, हेही पाहण्यासारखे आहे. न्यू मेक्सिकोतच व्हाइट सँड्स येथे आटलेल्या सरोवराच्या काठी माणसांची पावले सापडली, बरीचशी पोरासोरांची. आपण उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले काढतो ना, तशी नाजूक. २०२१ साली त्यांचे वय एकवीस ते तेवीस हजार वर्षे जाहीर झाले, ते पाणवनस्पतीच्या बियांवरून. विरोधक म्हणाले, पाणवनस्पती पाण्यातला जुना कार्बन शोषते, त्यामुळे वय फुगते. रास्त बोलले! मग २०२३ साली जमिनीवरच्या झाडांचे परागकण आणि गारगोटीचे कण तपासले, उत्तर तेच. २०२५ साली तिथल्या जुन्या चिखलावरून पुन्हा काळ काढला, तेच.

आता दुसरी टोळी आरडाओरड करील. कॅलिफोर्नियात मॅस्टोडॉन नावाच्या हत्तीची फुटकी हाडे मिळाली, ती एक लाख तीस हजार वर्षांपूर्वी माणसाने फोडली, असा दावा २०१७ साली झाला. तो मला पटत नाही. निर्विवाद हत्यार नाही आणि पुढची लाखभर वर्षे त्या माणसांचा मागमूस नाही. कुंपण मोडले म्हणून कोणीही वाटेल ते गुरू आत सोडावे, असे थोडेच आहे? जितके जुने तितके थोर, ही हौस आपल्यालाही आहे. आपणही जरा जपून.

व्हाइट सँड्सची पावले उघडी पडली की वाऱ्याने भराभर झिजतात. वरची वाळू सरकते, खालचा ठसा दिसतो आणि काही काळात पुसूनही जातो. पंडितांना आणखी तीन तपे पहारा करायचा असला तरी ती पावले तेवढी थांबणार नाहीत.