अभ्याससहल कोल्हापूरलाच का?

मराठी विभागाची अभ्याससहल ठरू लागली की आमच्या कबनूर-इचलकरंजी परिसरात कोल्हापूरचे नाव सहसा कुणी घेत नाही. कोल्हापूर म्हणजे खरेदी, दवाखाना, विद्यापीठातली कामे आणि अंबाबाईचे दर्शन. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतायच्या गावात पाहायचे ते काय, असा सूर असतो. लांबून येणारे प्रवासीही देवदर्शन, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढ्यावर समाधान मानून पुढे पन्हाळ्याकडे वळतात. आम्हांला मात्र वाटते की साहित्याच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी पाहावे असे शहर हेच आहे.

हे शहर खिशाला परवडते, हे पहिले कारण. परंतु त्यामागचे कारण अधिक मोलाचे आहे. येथील संस्कृतीच सामान्यांना परवडावी अशी घडवली गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी राहिली. १९१२ साली खासबागेत कुस्तीचे मैदान झाले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. आपण वर्गात राजाश्रय आणि लोकाश्रय असे दोन वेगळे कप्पे शिकवतो. येथे दरबाराने मल्ल आणि नट यांना शेजारी बसवले, आणि दोघांपुढे प्रेक्षक मात्र रयतेतला. ही गोष्ट पाठ्यपुस्तकापेक्षा त्या आवारात उभे राहून लवकर कळते.

करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची, मुंबई विद्यापीठाच्या सात वर्षे आधीची. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेचा काठ एके काळी रोमन जगाशी व्यापाराने जोडलेला होता, याची ती साक्ष. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हे चित्रपट याच शहरात घडले. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचे स्मृती संग्रहालय आहे. ‘ययाति’ला मिळालेले १९७४ चे ज्ञानपीठ हे मराठीचे पहिले ज्ञानपीठ, ही नोंद परीक्षेसाठी पाठ करणाऱ्या मुलांनी तो लेखक कोणत्या गावात राहून लिहीत होता हे का पाहू नये?

सर्वांत महत्त्वाचे कारण भाषेचे. आमचे कित्येक विद्यार्थी वर्गात तोंड उघडायला कचरतात, कारण आपली बोली ‘अशुद्ध’ आहे असे त्यांच्या मनावर ठसले आहे. साहित्य पुण्या-मुंबईत घडते आणि आपण ते वाचायचे, एवढीच आपली भूमिका, असे त्यांना वाटते. शंकर पाटील कबनूरपासून जवळच्या पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे. त्यांच्या कथेतली भाषा कोल्हापूरच्या बाजारात, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आजही कानांवर पडते. पुस्तक हाती घेऊन ती ऐकली, तर आपली बोली लाजेची नव्हे, लिहिण्याची आहे हे मुलांना उमगेल.

‘आता तिथे उरले आहे काय?’ असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. ‘प्रभात’ १९३३ मध्येच पुण्याला गेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत होरपळले. पण या पडझडीमुळेच तेथे जाण्याची निकड वाढते. ज्या वास्तूकडे शिकणारे-शिकवणारे फिरकत नाहीत, तिच्यासाठी उद्या आवाज कोण उठवणार?

तेव्हा मराठीच्या प्राध्यापकांना आमची विनंती एवढीच : पुढची सहल कोल्हापूरला न्या, दोन दिवस चालत हिंडा, आणि परतल्यावर मुलांना त्यावर त्यांच्याच बोलीत लिहायला सांगा.