प्रकाशाचा माणूस : अस्सल कागद की बखर?

१/ २३ जानेवारी २०२२. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंचीची प्रतिमा उजळली. पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवल्यापासून ती छत्री रिकामीच होती. देशभर बातमी झाली ती नेताजींच्या 'होलोग्राम पुतळ्या'ची. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने मात्र तो होलोग्राम नव्हता.

२/ ३०,००० ल्युमेनचा एक प्रोजेक्टर आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, ९० टक्के पारदर्शक पडदा, एवढ्यावर ती प्रतिमा उभी होती. शब्दाचा हा घोळ कोणाला किरकोळ वाटेल. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तो किरकोळ मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाचा होलोग्राम कसा घडतो, त्याला काय खर्च येतो आणि त्या व्यवहारात इतिहासाच्या वाट्याला काय येते, हे पाहिले की कारण कळेल.

३/ सुरुवात खऱ्या होलोग्रामपासून. १९४७ साली इंग्लंडमधल्या रग्बी गावी, ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत डेनिस गाबोर हा हंगेरीत जन्मलेला अभियंता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारण्याच्या खटपटीत होता. त्यातून त्याला एक नवी पद्धत सुचली. तिचे नाव त्याने ग्रीक शब्दांवरून घडवले : 'होलोस' म्हणजे संपूर्ण, 'ग्रामा' म्हणजे लिहिलेले. होलोग्राम म्हणजे 'संपूर्ण लेख'. १९७१ मध्ये याच शोधासाठी त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

४/ 'संपूर्ण' कशाच्या अर्थाने? साधे छायाचित्र प्रकाश कोठे किती पडला एवढेच नोंदवते. होलोग्राम त्याबरोबर प्रकाशाची लाट कोणत्या टप्प्यावर होती, हेही नोंदवतो. त्यासाठी लेसरचा किरण दुभंगतात. एक भाग वस्तूवरून परावर्तित होऊन काचपट्टीवर येतो, दुसरा थेट येतो. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून जी सूक्ष्म नक्षी उमटते, तिला व्यतिकरण म्हणतात. योग्य प्रकाशात ती पट्टी धरली की वस्तू खोलीसह पुन्हा दिसते. मान हलवली तर तिची बाजूही दिसते.

५/ गाबोरच्या काळी लेसर नव्हता. तो १९६० मध्ये आला. त्यानंतर अमेरिकेत लीथ आणि उपात्निएक्स यांनी, सोव्हिएत संघात देनिस्युक यांनी ही विद्या मार्गी लावली. तरीही माणूस हाती लागेना. नोंद होत असताना वस्तू प्रकाशाच्या एका तरंगलांबीहूनही कमी हलली तरी नक्षी पुसली जाते. माणूस तर श्वास घेतो, त्याची नाडी चालते. पुतळा ज्या गुणामुळे सोपा, त्याच गुणाच्या अभावी जिवंत माणूस अवघड.

६/ उपाय निघाला तो माणसाला स्थिर करण्याचा नव्हे, काळ लहान करण्याचा. स्पंदित माणिक लेसरचा झोत सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात हृदयालाही हलायला सवड नसते. १९६७ मध्ये अमेरिकेतील कंडक्ट्रॉन कंपनीच्या लॉरेन्स सीबर्ट यांनी या रीतीने स्वतःचाच होलोग्राम घेतला. माणसाच्या पहिल्या होलोग्रामचा मान त्यालाच दिला जातो.

७/ यातली मुख्य गोष्ट आता लक्षात घ्या. त्या काचपट्टीवर जी नक्षी आहे, ती सीबर्टच्या चेहऱ्याला प्रत्यक्ष स्पर्शून आलेल्या प्रकाशाची आहे. म्हणजे माणूस तेथे हजर असावाच लागतो. मृत व्यक्तीचा नवा होलोग्राम घेता येत नाही. २००४ मध्ये जर्सी बेटाने राजनिष्ठेच्या ८०० वर्षांनिमित्त राणी एलिझाबेथचे होलोग्राम-चित्र करवून घेतले, तेव्हा राणीलाही कॅमेऱ्यासमोर निश्चल बसावे लागले. इतिहासाच्या भाषेत, होलोग्राम हा अस्सल कागद आहे.

८/ मग रंगमंचावर चालणारे, गाणारे 'होलोग्राम' कोणते? त्यांची वंशावळ वेगळी आणि जुनी आहे. १८५८ च्या सुमारास हेन्री डर्क्स या इंग्रज अभियंत्याने काचेतील प्रतिबिंबाने रंगमंचावर भूत आणण्याची युक्ती मांडली. ती नाटकगृहांनी स्वीकारली नाही. कारण खर्च! डर्क्सच्या योजनेप्रमाणे नाटकगृहाची रचनाच बदलावी लागली असती. प्रकाशाच्या माणसाचे अंदाजपत्रक पहिल्यांदा फसले ते असे.

९/ लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमधील जॉन हेन्री पेपर यांनी त्यावर सोपा तोडगा काढला. रंगमंचाच्या पुढे मोठी काच तिरपी उभी केली आणि खालच्या खड्ड्यात, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी, प्रखर उजेडात नट ठेवला. काचेतून मंचावरचा नट दिसे आणि काचेवर खड्ड्यातल्या नटाचे प्रतिबिंब. २४ डिसेंबर १८६२ रोजी डिकन्सच्या एका कथेतील प्रसंग असा दाखवला गेला. लोक थक्क झाले. पेटंट दोघांचे होते, पण आर्थिक हक्क डर्क्सने पेपरना देऊन टाकले. युक्तीही पुढे ओळखली गेली ती 'पेपरचे भूत' म्हणूनच.

१०/ आज ज्याला होलोग्राम म्हणतात, त्यातले बहुतेक सारे पेपरच्या भुताचे वारस आहेत. जड, महाग काचेच्या जागी ताणून बसवलेला पातळ पारदर्शक पडदा आला आणि खड्ड्यातल्या नटाच्या जागी प्रोजेक्टरचे चित्र. २००५ मध्ये लिस्बनच्या एमटीव्ही सोहळ्यात 'गोरिलाझ' हा बँड या पडद्यावर अवतरला. त्याचे कलाकार म्हणजे रेखाटलेली पात्रे. ज्यांना देहच नाही त्यांचाही 'होलोग्राम' झाला!

११/ या तंत्रात मुळातच खोट आहे, असे मात्र नाही. डिसेंबर २०१२ मध्ये गुजरात विधानसभेच्या प्रचारात नरेंद्र मोदी यांचे भाषण याच रीतीने एकाच वेळी ५३ ठिकाणी दाखवले गेले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. पटो वा न पटो, वक्ता जिवंत होता आणि शब्दांची जबाबदारी त्याची स्वतःची होती. प्रश्न उभा राहतो तो वक्ता हयात नसताना.

१२/ १५ एप्रिल २०१२. कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सव. मंचावर रॅपर टुपॅक शकूर आला आणि त्याने महोत्सवाचे नाव घेऊन श्रोत्यांना साद घातली. टुपॅकचा मृत्यू १३ सप्टेंबर १९९६ चा. कोचेला महोत्सव सुरू झाला १९९९ मध्ये. म्हणजे ते नाव त्याच्या तोंडी येणे कालदृष्ट्या अशक्य होते. एखाद्या कागदात असा कालविपर्यास सापडला असता, तर आपण तो कागद क्षणात बनावट ठरवला असता. तेथे मात्र जल्लोष झाला.

१३/ तो टुपॅक कसा घडला? जुने चित्रीकरण काढून पडद्यावर टाकले, असे नव्हे. डिजिटल डोमेन या चित्रपट-प्रभावांच्या कंपनीने संगणकावर त्याचे रूप नव्याने रचले. त्याला काही महिने लागले. मंचाची बाजू सांभाळणाऱ्या कंपनीने अशा प्रयोगाचा खर्च १ लाख ते ४ लाख डॉलरहून अधिक सांगितला होता. तेव्हाच्या दराने अंदाजे ५० लाख ते २ कोटी रुपये. अवघ्या दोन गाण्यांसाठी!

१४/ हा पैसा जातो कोठे? पडदा, प्रोजेक्टर, प्रकाशयोजना हा दृश्य खर्च. मोठा वाटा असतो तो न दिसणाऱ्या श्रमांचा : हालचाल देणारा दुसराच कोणी कलावंत, चेहऱ्याचा स्नायू न् स्नायू संगणकावर घडवणारे कारागीर, आवाज जुळवणारे तंत्रज्ञ. शिवाय वारसांची परवानगी आणि हक्कांचे मोल. भूत दिसते एक, त्याला खांदा देणारे असतात शेकडो.

१५/ याचे टोक पाहायचे तर लंडनचे 'आबा व्हॉएज'. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा खर्च सुमारे १४ कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेतेराशे कोटी रुपये. त्यातच ३,००० प्रेक्षकांचे खास नाट्यगृहही आले. आबाचे चारही गायक हयात होते. पाच आठवडे खास पोशाख घालून ते १६० कॅमेऱ्यांपुढे गायले. तरुण देहाची चपळाई इतर नर्तकांकडून घेतली. आणि हेही होलोग्राम नव्हेत, तर प्रचंड एलईडी पडद्यावरची चित्रे आहेत.

१६/ दुसरे टोक झपाट्याने स्वस्त होत आहे. २०२० मध्ये टेलिफोन बूथएवढ्या पेटीत पूर्णाकृती माणूस दाखवणारे यंत्र ६०,००० डॉलरना, म्हणजे अंदाजे ४५ लाख रुपयांना मिळू लागले. आता तर एका छायाचित्रावरून बोलता चेहरा आणि थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून आवाज तयार करणारी साधने घरोघरी पोहोचली आहेत. किंमत हा एक बांध होता. तो फुटत चालला आहे.

१७/ म्हणूनच मला वि. का. राजवाडे आठवतात. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली अस्सल पत्रे छापली आणि पत्रांशी ताडून बखरींतील चुका दाखवल्या. बखर वाचूच नये, असा याचा अर्थ नाही. बखर वाचताना ती बखर आहे हे ठाऊक असावे, इतकाच. मंचावरचा टुपॅक ही बखर होती. नाव मात्र तिने अस्सल कागदाचे धारण केले होते.

१८/ कोणी म्हणेल, नाटक-सिनेमात नट ऐतिहासिक भूमिका करतातच की! करतात, आणि करावे. पण नट हा नट म्हणून दिसतो. पोवाडा गाणारा शाहीर आपल्यासमोर उभा असतो. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांभरिक खरोलिके'तून काचेवर रंगवलेली पात्रे प्रकाशाने पडद्यावर आणली, तेव्हा ती रंगवलेली आहेत हे कोणाला सांगावे लागत नव्हते. आजचे तंत्र शाहिराला लपवते आणि पोवाडा थेट नायकाच्या तोंडी घालते.

१९/ वेगळा मार्ग आहे, आणि तो कोणी चोखाळलाही आहे. अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांना अनेक कॅमेऱ्यांसमोर बसवून प्रश्न विचारले. मायदानेक छावणीतून वाचलेल्या पिंचस गटर यांनी दीड हजारांहून अधिक उत्तरे नोंदवली. शिकागोजवळच्या स्कोकी येथील संग्रहालयात २०१७ पासून प्रेक्षक अशा साक्षीदारांच्या प्रतिमांना प्रश्न विचारतात. संगणक नोंदींतून योग्य उत्तर शोधतो. नवे वाक्य तो रचत नाही.

२०/ हा फरक मला निर्णायक वाटतो. प्रतिमा तेथेही आभासीच आहे. पण साक्ष अस्सल आहे, ती साक्षीदाराने स्वतः, समजून-उमजून दिलेली आहे. आणि जे विचारले गेले नाही, त्याचे उत्तर त्या प्रतिमेजवळ नसते. इतिहासाचे मौन तेथे मौनच राहते. कागद जेथे फाटला आहे तेथे तो फाटलेला दिसू देणे, यालाच तर आपण इतिहासाचा प्रामाणिकपणा म्हणतो.

२१/ तेव्हा उद्या एखाद्या संग्रहालयात, किल्ल्यावर वा जयंतीच्या मंडपात कोणी थोर पुरुष प्रकाशातून उभा राहून बोलू लागला, तर तिकिटाचा दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. देह कोणाचा? आवाज कोणाचा? शब्द कोणाचे, आणि कोणत्या साधनातून घेतलेले? या तिन्हींची उत्तरे प्रतिमेशेजारी ठळक अक्षरांत लिहिलेली असावीत, असा आग्रह धरा. दोन-चार कोटींच्या खर्चात एका फलकाचा खर्च तो काय!

२२/ छत्रीखालच्या त्या प्रकाशाच्या नेताजींनी एक गोष्ट मात्र उचित केली. ते काही बोलले नाहीत. ८ सप्टेंबर २०२२ रोजी त्या जागी ग्रॅनाइटचा २८ फुटी पुतळा आला. २८० टन वजनाच्या शिळेतून कोरून काढलेला, ६५ टनांचा. दगड कोणाच्या तोंडी खोटे शब्द घालत नाही. प्रकाशाकडून आपण याहून कमी अपेक्षा का करावी?