फितूर कोणाला म्हणता?

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की ते वापरताना माणसाने दहादा विचार करावा. ‘फितूर’ हा त्यांतला एक. गडाचा दिंडी दरवाजा रात्री आतून उघडून देणारा, शत्रूची थैली कमरेला लावून धन्याचा घात करणारा, असल्या माणसासाठी आपल्या वाडवडिलांनी हा शब्द राखून ठेवला होता. आज तो बारा वर्षांच्या पोराला लावला जात आहे! आणि त्या पोराचा अपराध काय? तर क्रिकेटच्या एका सामन्यात त्याने भलत्या वेळी टाळ्या वाजवल्या.

हा पोरगा माझा नातू आहे. तेव्हा या भांडणात मी तटस्थ नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

मी जालना जिल्ह्यातल्या अंबडचा. मुलगा गेली पंधरा वर्षे न्यू जर्सीत आहे, नातू तिकडेच जन्मला. २०२४ च्या जून महिन्यात विश्वचषकाचे काही सामने अमेरिकेत झाले आणि १२ जूनला न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ परगण्यात भारत आणि अमेरिका समोरासमोर आले. मुलाने तिकिटे काढली होती. मैदान पाहून मला हसू आले. आयझेनहॉवर पार्क नावाच्या बागेत लोखंडी सांगाड्यांवर चौतीस हजार माणसांची बैठक उभारलेली; जत्रेत तमाशाची कनात उभी राहते आणि जत्रा पांगली की गुंडाळली जाते, तसाच सगळा प्रकार. खेळपट्टीसुद्धा फ्लोरिडात वाढवून मालमोटारींतून आणलेली, आमच्या भोकरदनकडे मिरचीची रोपे आणतात तशी! आमचा सामना हा तिथला शेवटचा. तो संपताच सांगाडे उतरवायलाही सुरुवात झाली.

प्रेक्षक मात्र कनातीतले नव्हते. तोंडाला तिरंगा फासलेले, ढोल घेऊन आलेले, घसा बसेतो ओरडणारे आपलेच लोक चहूकडे. अमेरिकेच्या संघाचा सदरा घातलेली माणसे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरली असती. आमच्या रांगेत तसे एकच माणूस होते, आणि ते म्हणजे आमचे चिरंजीव नातू.

अमेरिकेने आधी फलंदाजी करून ११० धावा केल्या. अर्शदीपने पहिल्याच चेंडूवर गडी बाद केला आणि पुढे एकंदर ९ धावांत ४ बळी घेतले. नातू गप्प बसून होता. मग भारताची फलंदाजी सुरू झाली. सौरभ नेत्रावळकरच्या पहिल्या षटकात विराट कोहलीने आपला पहिलाच चेंडू खेळला आणि झेल यष्टिरक्षकाच्या हाती गेला. हजारो माणसांचा आवाज एका क्षणात बंद पडला. लग्नाच्या मांडवात वीज जावी तसा! त्या शांततेत आमचा पोरगा बाकावर उभा राहून ओरडला, “आबा, नेत्रावळकर! आपला नेत्रावळकर!”

पुढच्या रांगेतले एक मराठी सद्गृहस्थ मागे वळले. “कुणाचा रे तू?” ते म्हणाले. “लाज नाही वाटत?”

मुलाने त्या दिवशीचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवले होते. मी परत आलो तेव्हा ते अंबडभर फिरून झाले होते. “मास्तर, नातू फितूर निघाला की!” असे मला चार ठिकाणी ऐकावे लागले. हसतहसतच म्हणत, हे खरे. पण बाभळीच्या फांदीला पाने कितीही कोवळी असोत, तिचा काटा काटाच असतो.

आता ज्याचे नाव घेऊन पोरगा ओरडला तो नेत्रावळकर कोण, हे पाहा. मुंबईत जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा डावखुरा गोलंदाज. २०१० साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडूनच खेळला. पुढे मुंबईकडून रणजी सामना मिळाला, तो एक. मग त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा होती? आझाद मैदानाच्या कडेला आणखी दहा वर्षे उभे राहावे? त्याने २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठाची वाट धरली, संगणकशास्त्राची पदवी घेतली, नोकरी पत्करली आणि नोकरी सांभाळून चेंडू टाकत राहिला. ६ जूनला डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानला हरवले, तेव्हा अखेरच्या जादा षटकात १८ धावा राखून ठेवणारा हाच नेत्रावळकर. त्या रात्री आपल्या वर्तमानपत्रांतून तो ‘मराठमोळा’ होता, ‘मुंबईकर’ होता, आपल्या कुळाचे भूषण होता. सहा दिवसांनी त्याने कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले आणि त्याच्यासाठी टाळी वाजवणारे पोर फितूर ठरले! पाकिस्तानचा पाडाव केला तर आपला, आपला गडी बाद केला तर परका. या हिशेबाला काय म्हणायचे?

क्रिकेटचे प्रेम आमच्या जिल्ह्याला कमी आहे असे कुणी समजू नये. जालन्याच्या विजय झोलने २०११ साली महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, तेव्हा आम्ही पेढे वाटले. २०१४ साली त्या वयाच्या भारतीय संघाचा तो कप्तान होता. थोरल्या संघात मात्र त्याची वर्णी लागली नाही. दोष कुणाचाच नाही. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात अकरा जागा. बाहेर राहिलेल्यांपैकी एखाद्याने दुसऱ्या गावच्या आखाड्यात लंगोट कसला तर आपण त्याला शाबासकी द्यायची की शिवी?

लंगोटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१८ साली महाराष्ट्र केसरीची गदा जालन्यात लढली गेली. बाला रफिक शेखने अभिजीत कटकेला हरवले आणि गदा खांद्यावर घेतली. बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा, लढला बुलढाण्याकडून. करमाळ्यातून कुणी निरोप पाठवला नाही की हा आपल्या जिल्ह्याला फितूर झाला. जालनेकरांनी तर त्याला डोक्यावर घेतले, आणि तो ना जालन्याचा ना शेजारच्या अंबडचा. कुस्तीच्या मैदानावर ज्यांना एवढी समज आहे, तीच माणसे क्रिकेट म्हटले की जमाखर्च बदलून बसतात.

‘जिल्ह्याची गोष्ट वेगळी, देशाची वेगळी’ असे उत्तर येईल, हे मी जाणतो. तर मग देशाचीच गोष्ट करू.

इंग्लंडात हुजूर पक्षाचे एक पुढारी होते, नॉर्मन टेबिट. १९९० साली त्यांनी एक कसोटी काढली. इंग्लंडात येऊन राहिलेले आशियाई लोक क्रिकेटच्या सामन्यात कुणाच्या बाजूने ओरडतात ते पाहा, म्हणजे त्यांचे इमान कळेल, असा तिचा मथितार्थ. तिकडच्या आपल्या लोकांना तो अपमान वाटला आणि इकडे आपल्यालाही वाटला. वाटायलाच हवा होता! माणूस कर भरतो, कायदा पाळतो, दवाखान्यात रात्रपाळी करतो, आणि त्याची परीक्षा काय घ्यायची तर टाळी केव्हा वाजवतो याची? टेबिटसाहेबांची ती कसोटी आपण तेव्हा गटारात फेकली. आता तीच गटारातून काढून, धुऊनपुसून, आपण आपल्याच नातवंडांना लावतो आहोत. फरक एवढाच की टेबिट म्हणत, जिथे राहतोस त्याच्यासाठी ओरड. आपण म्हणतो, जिथे तुझा आजा राहतो त्याच्यासाठी ओरड. खरे विचाराल तर दोघांत टेबिटच थोडे अधिक तर्काला धरून होते.

आणि ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ ही म्हण तर आपलीच ना? हा पोरगा बारा वर्षे मीठ कुठले खातो आहे? अमेरिकेचे. म्हणजे आपल्याच म्हणीप्रमाणे चालला तो फितूर, आणि म्हणी पाठ करून तिला पाठ दाखवणारे आपण इमानी!

दुसरा आक्षेप अधिक पोरकट आहे. ‘अमेरिकेला क्रिकेटमधले काय कळते? खेळ आमचा.’ आमचा? या खेळाचा सातबारा आमच्या नावावर कधी झाला? मुंबईत पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ साली. त्याच्या चार वर्षे आधी, १८४४ च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांचा क्रिकेटचा सामना झाला होता; जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून त्याचीच नोंद आहे. म्हणजे ज्या गावात आम्ही ‘यांना काय कळते’ म्हणून नाके मुरडत बसलो होतो, तिथे हा खेळ आमच्या आधी येऊन गेला होता. पुढे त्यांनी तो टाकला, ही गोष्ट निराळी. आणि आम्ही धरून ठेवला तो तरी कसा? पळवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज, ज्याने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, त्याला पुण्याच्या मैदानावर चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळत असे. संघ एक, चेंडू एक, आणि चहाचे भांडे वेगळे! आपला कोण आणि परका कोण हे ठरवण्याचा आपला इतिहास असा आहे. त्या बाबतीत आपण जरा कमी बोलावे हे बरे.

खेळाच्या मालकीची ही व्याधी आपल्यालाच जडली आहे असे मात्र नाही. मुलाच्या शेजारी एक इंग्रज राहतो. त्याने मला हॅरिसन गावी फुटबॉलचा सामना पाहायला नेले. गडी सबंध वेळ कुरकुरत होता. लोक ऐन खेळात उठून खायला आणायला जातात. फलकावर अक्षरे उमटली की टाळ्या पिटतात. आणि सर्वांत मोठे पाप म्हणजे या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात! त्या शब्दासरशी त्याच्या कपाळाची शीर उठत असे. वास्तविक हा शब्द इंग्रजांचाच. ‘असोसिएशन फुटबॉल’ या लांबलचक नावाचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्याच विद्यार्थ्यांनी केलेले ते लाडके रूप. आपल्याच घरातले टोपणनाव दुसऱ्याच्या तोंडी ऐकून रागावण्यातला हा प्रकार!

पण परतताना आगगाडीत त्यानेच मला एक हकीकत सांगितली. २९ जून १९५० रोजी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहरात विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला एक विरुद्ध शून्य गोलने हरवले. गोल करणारा जो गेटजेन्स हा हैतीचा. तेव्हा तो अमेरिकेचा नागरिकही नव्हता, न्यूयॉर्कच्या एका खाणावळीत भांडी घासून शिकत होता. आणि त्या दिवशीचा अमेरिकेचा कप्तान एड मॅकिल्वेनी, तो तर जन्माने स्कॉटलंडचा! इंग्लंडच्या उंबऱ्यावरचा माणूस इंग्लंडवरच चालून गेला. इतक्या वर्षांनीही त्या हाराकिरीचे दुःख आमच्या इंग्रजाच्या चेहऱ्यावर दिसत होते. परंतु मॅकिल्वेनीबद्दल त्याच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही. “चांगला खेळला,” एवढेच तो म्हणाला. ‘सॉकर’ या शब्दावर चिडणारा हा माणूस माणसांवर चिडत नव्हता.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण हे सारे क्रिकेटचे नाहीच. आमच्या आळीत कितीतरी घरांतून म्हातारा-म्हातारी दोघेच उरली आहेत. मोसंबीची बाग वाट्याने लावलेली, माळवदाची खोली बंद, दिवाळीला फोनच्या काचेतून नातवंडांना ओवाळणे. पोरगा आपला राहिला की गेला, ही धास्ती मनात घर करून असते. ती मलाही आहे. ती लटकी नाही. परंतु त्या धास्तीचा हिशेब बारा वर्षांच्या पोराकडून टाळ्यांत वसूल करायचा, हे कुठले शहाणपण? मुलाला परदेशी पाठवण्यासाठी जमीन गहाण टाकली आपण, विमानतळावर हार घातले आपण, त्याच्या पगाराचा आकडा गावभर सांगितला आपण. आणि फितूर कोण, तर तिथे जन्मलेले लेकरू!

सामन्याचे पुढे काय झाले ते क्रिकेटवाल्यांना ठाऊक आहे. सूर्यकुमारचा एक सोपा झेल नेत्रावळकरच्याच हातून सुटला. मग षटके सुरू करायला तीनदा उशीर केला म्हणून पंचांनी अमेरिकेला दंड केला आणि भारताला ५ धावा फुकट मिळाल्या. सूर्यकुमारने अर्धशतक केले, शिवम दुबे ३१ वर नाबाद राहिला आणि आपण ७ गडी राखून जिंकलो. झेल सुटला तेव्हा नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. विजयी धावेला तो हळूच टाळ्या वाजवत होता, हे पुढच्या रांगेतल्या सद्गृहस्थांनी पाहिले नाही. ते तेव्हा नाचत होते. घरी आल्यावर त्याने भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला आणि त्या पाच धावा न्यायाच्या होत्या की अन्यायाच्या यावर माझ्याशी तासभर वाद घातला; सगळा मराठीत. ‘दंड’ हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, तेवढा मी सांगितला.

येत्या मे महिन्यात तो अंबडला येणार आहे. तो निळा सदरा आणायला मी मुद्दाम कळवले आहे. ज्यांना त्याला काही म्हणायचे असेल त्यांनी सकाळी सातनंतर मैदानावर यावे. पोरगा डावखुरी गोलंदाजी करतो.